सांध्यांच्या व लिगामेंटच्या दुखापतींवरील शस्त्रक्रिया (गोवा)

पडणे, मुरगळणे किंवा आदळणे यांमुळे सांध्यातील अस्थिबंध (लिगामेंट), गादी (हाडांमधली लवचीक चकती) किंवा सांध्यालगतचे हाड तुटल्यास ते शिवून, जागेवर बसवून किंवा तुटलेल्या बंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील दुसरा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) लावून सांधा पुन्हा स्थिर करणे, असे या उपचाराचे स्वरूप आहे. दुचाकी, फुटबॉल आणि माड ही गोव्यातील अशा दुखापतींची ओळखीची कारणे. त्यांत पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांचीही भर घालायला हवी. सर्वाधिक चर्चा गुडघ्याची होत असली तरी खांदा, घोटा, मनगट व अंगठा यांनाही हाच विचार लागू पडतो.

या शस्त्रक्रिया मुख्यतः दुखण्यावर नसून अस्थिरतेवर असतात. दुखणे बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरते. चालताना, वळताना, जिना उतरताना सांधा ‘निसटतो’ की नाही आणि त्या माणसाला पुढे काय काम करायचे आहे, यावर शस्त्रक्रियेचा निर्णय ठरतो. म्हणून पणजीच्या कचेरीत बसून काम करणारा कारकून आणि माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली यांचा एमआरआय अगदी सारखा आला, तरी दोघांना दिला जाणारा सल्ला वेगळा असू शकतो.

दुखापतीचे स्वरूप

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी, मुख्यतः कोलॅजनची पट्टी. तिच्या दुखापतीच्या तीन श्रेणी मानतात : पहिलीत तंतू ताणले जातात, दुसरीत काही तुटतात, तिसरीत पूर्ण पट्टी तुटते. तिसऱ्या श्रेणीत कधी कधी दुखणे कमीच असते, कारण ताणायला काही उरलेलेच नसते. ‘दुखत नाही म्हणजे काही झाले नाही’ असे समजून मैदानावर परतणारे खेळाडू यामुळेच फसतात.

गुडघ्यात चार प्रमुख लिगामेंट असतात. आतल्या बाजूचे (एमसीएल) बहुधा ब्रेस व व्यायामाने भरून येते, कारण त्याच्या भोवती रक्तपुरवठा असलेल्या मऊ ऊती आहेत. सांध्याच्या पोटात असलेले पुढचे क्रूसीय (फुलीसारखे आडवे जाणारे) लिगामेंट (एसीएल) मात्र तुटल्यावर सहसा नीट जुळत नाही. सांध्यातील वंगणद्रव त्याच्या तुटल्या टोकांभोवती रक्ताची गुठळी टिकू देत नाही आणि गुठळीच नसेल तर भरून येण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. एकाच गुडघ्यातील दोन लिगामेंटचा उपचार इतका भिन्न असण्यामागे हे साधे कारण आहे.

एसीएल तुटण्यासाठी कोणी धडकावेच लागते असे नाही. भातकापणीनंतर सुकलेल्या शेतात पोरे फुटबॉल खेळतात. तिथे पाय जमिनीत रोवलेला असताना अंग वळले की लिगामेंट जाते. ‘खट्ट’ असा आवाज आल्याचे अनेक रुग्ण सांगतात आणि काही तासांतच गुडघा रक्ताने भरून सुजतो. दुचाकीच्या अपघातात चित्र निराळे असते. वाकलेला गुडघा जमिनीवर किंवा समोरच्या वाहनावर आपटतो, नडगीचे हाड मागे ढकलले जाते आणि मागचे क्रूसीय लिगामेंट (पीसीएल) तुटते. हेल्मेट डोके वाचवते. गुडघ्यासाठी तसे काही कोणी घालत नाही, ‘पायलट’ म्हणून मोटारसायकलवरून दिवसभर प्रवासी नेणारेही नाही.

पूर्वपीठिका

निखळलेल्या सांध्यांचे वर्गीकरण सुश्रुतसंहितेत येते. उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त व तिर्यक्क्षिप्त असे सहा प्रकार सांगून आंछन (ओढणे), पीडन (दाबणे), संक्षेप (जुळवणे) व बंधन हे उपाय दिले आहेत. सांधा ओढून बसवायचा आणि बांधून ठेवायचा, ही चौकट आजही निखळलेल्या खांद्यासाठी तीच आहे. गावोगावच्या हाडवैद्यांची परंपराही याच चौकटीतली. तिची धोक्याची बाजू म्हणजे सुजलेल्या सांध्याला जोरात चोळणे. विशेषतः कोपराच्या दुखापतीनंतर असे चोळल्याने स्नायूंमध्येच हाड तयार होऊ शकते आणि कोपर कायमचे आखडते. हे लहान मुलांतही घडते.

पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण गोव्यात लवकर आले. पणजी येथे १८४२ मध्ये स्थापन झालेली ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका दे गोवा’ ही आशियातील अशा जुन्या संस्थांपैकी एक. १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) रूपांतर झाले आणि पुढे ते बांबोळीला गेले.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र युरोप व जपानमध्ये घडला. एडिंबरा येथे टॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्ये गुडघ्यातील फाटलेली गादी शिवली. योगायोग असा की गोव्यात फुटबॉल आल्याचे सालही १८८३ हेच सांगितले जाते, शिवोली येथे एका ब्रिटिश पाद्रीबरोबर. १८९५ मध्ये लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराची दोन्ही क्रूसीय लिगामेंट शिवली. नुसते शिवण्यापेक्षा तिथे नवीन पट्टी बसवावी हा विचार अर्नेस्ट हे-ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये पुढे आणला. मांडीवरील आवरणाची पट्टी त्यांनी गुडघ्यातून ओवली होती. सांध्यात दुर्बीण घालण्याचा पहिला प्रयोग केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये टोकियोत मृतदेहाच्या गुडघ्यावर केला, तर त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फाटका भाग कापून काढला. आज गोव्यातले लोक ज्याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते इथून सुरू होते.

निदान

अनुभवी हाताला एमआरआयच्या आधीच बरेच कळते. गुडघा साधारण वीस-तीस अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी एसीएलसाठी सर्वांत भरवशाची मानली जाते. दुखापत ताजी असताना रुग्ण स्नायू आवळून धरतो, त्यामुळे आठवडा-दीड आठवड्याने पुन्हा तपासणे शहाणपणाचे ठरते. साधा एक्स-रे वगळू नये. नडगीच्या बाहेरच्या कडेला हाडाची लहानशी कपची सुटलेली दिसली (सेगाँ फ्रॅक्चर) तर एसीएल तुटल्याची शक्यता फार मोठी असते. एमआरआय गादीची फाट, हाडातील सूज व जोडीच्या दुखापती दाखवतो. सांधा निसटतो का, हे मात्र तो सांगत नाही. केवळ अहवालातील ‘फाटले आहे’ या शब्दावरून शस्त्रक्रियेची तारीख घेणे योग्य नाही.

घाई कधी

लिगामेंटच्या बहुतेक शस्त्रक्रियांना घाई नसते. एसीएलच्या बाबतीत तर सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबणेच बरे, कारण सुजलेल्या गुडघ्यावर लगेच शस्त्रक्रिया केल्यास तो आखडण्याचा धोका वाढतो. ही वाट साधारण तीन-चार आठवड्यांची असते.

अपवाद आहेत आणि ते माहीत असायला हवेत. दुचाकीच्या जबर अपघातात पूर्ण गुडघाच निखळला तर मागून जाणारी रक्तवाहिनी फाटू किंवा बंद पडू शकते. सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही तर पाय गमावण्याची वेळ येते. गुडघा घटनास्थळीच आपोआप जागेवर बसला असेल तर वरून तो निव्वळ सुजलेला दिसतो आणि हाच प्रकार सर्वांत फसवा. खुबा निखळला असेल तर तोही काही तासांत बसवावा लागतो, अन्यथा मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. जखम सांध्यापर्यंत उघडी असेल तर लवकर प्रतिजैविके आणि सांधा धुऊन काढणे अटळ. फाटलेली गादी मध्ये अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर तिथेही महिनोन्‌महिने थांबता येत नाही. अशा रुग्णाला १०८ रुग्णवाहिकेने थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे, मसाजात वेळ घालवू नये.

गुडघा : एसीएल व गादी

एसीएल शस्त्रक्रियेत तुटलेली पट्टी शिवण्याऐवजी बहुधा नवी बसवतात. ही पट्टी (ग्राफ्ट) मांडीच्या मागील हॅमस्ट्रिंग कंडरांतून, वाटीखालच्या कंडरातून, वाटीवरच्या कंडरातून किंवा घोट्याच्या बाहेरून जाणाऱ्या पेरोनियस लाँगस कंडरातून घेतात. शेवटचा पर्याय भारतात बराच रूढ झाला आहे. हॅमस्ट्रिंगची पट्टी घडी घालून किमान ८ मिलिमीटर जाडीची व्हावी असा प्रयत्न असतो. तिच्याहून बारीक पट्टी पुन्हा तुटण्याची शक्यता जास्त. मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे पाडून ती ओवतात आणि धातूचे बटण किंवा विरघळणारा स्क्रू यांनी अडकवतात. भूल बहुधा कमरेतून देतात आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी कुबड्यांवर उभा राहतो.

कोणती पट्टी घ्यायची हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. वाटीखालच्या कंडराची पट्टी हाडाच्या तुकड्यांसह येते आणि बोगद्यात चांगली धरते, पण नंतर गुडघे टेकताना पुढून दुखू शकते. चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या, वायंगणाची (रब्बी भाताची) लावणी करणाऱ्या किंवा फरशी बसवणाऱ्या माणसाशी हे आधी बोलायला हवे. वेगाने धावणाऱ्या विंगरच्या बाबतीत हॅमस्ट्रिंग काढण्याआधी दोनदा विचार करतात.

सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते का? स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला लवकर शस्त्रक्रिया व दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडल्यास नंतर शस्त्रक्रिया असा उपचार दिला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत ठळक फरक नव्हता आणि पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. फुटबॉलसारखा वळणा-वळणाचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, माडावर चढायचे असेल किंवा गुडघा रोजच्या चालण्यातच निसटत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. निसटणाऱ्या गुडघ्यात प्रत्येक झटक्याला गादी व कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजतात, हे त्यामागचे कारण.

गादीबाबत धोरण पूर्ण उलटले आहे. एकेकाळी फाटलेली गादी सरसकट काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांत एक्स-रेवर दिसणारे झिजेचे बदल दाखवले आणि हळूहळू शिवण्याकडे कल वळला. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट जुळते. आतल्या कडेची जुळत नाही, म्हणून तिथला लोंबता भागच काढतात.

इतर सांधे

खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा रुग्ण किशोरवयीन असेल तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते, चाळिशीनंतर ती कमी होते. पण त्या वयात खांद्याभोवतीचे कंडरे फाटले आहेत का हे पाहावे लागते. खोबणीच्या पुढच्या कडेवरून सुटलेली किनार पुन्हा चिकटवण्याची शस्त्रक्रिया बँकार्ट यांच्या नावाने ओळखली जाते. खोबणीचे हाडच झिजले असेल तर लातार्जे पद्धतीने (१९५४) शेजारचा हाडाचा तुकडा तिथे बसवतात. स्कूटरवरून थेट खांद्यावर पडल्यास गळपट्टीच्या हाडाचा सांधा उखडतो. त्याचे सौम्य प्रकार झोळीत हात ठेवून बरे होतात, हाड फारच वर किंवा मागे सरकले असेल तरच शस्त्रक्रिया.

घोटा मुरगळल्यावर शस्त्रक्रिया क्वचितच लागते. तोल सांभाळण्याचे व्यायाम मनापासून केले तर बहुतेक घोटे सावरतात. वारंवार मुरगळत राहिलेल्या घोट्यासाठी ब्रोस्ट्रम पद्धतीने बाहेरची लिगामेंट आवळतात.

अंगठ्याची दुखापत हमखास दुर्लक्षित राहते. हँडल धरलेले असताना पडल्यास किंवा गोलरक्षकाच्या हातावर चेंडू जोरात बसल्यास अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूचे लिगामेंट तुटते. तुटलेले टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर जाऊन बसते (स्टेनर यांनी १९६२ मध्ये वर्णन केलेला प्रकार). पडदा मध्ये आल्यामुळे ते कितीही दिवस प्लास्टरमध्ये ठेवले तरी जुळत नाही. किल्ली फिरवण्याची ताकद गेल्यावर रुग्ण महिन्यांनी येतो, तेव्हा सरळ शिवण्याची संधी बहुधा हुकलेली असते.

गोव्यातील व्यवस्था

बांबोळीचे गोमेकॉ हे राज्यातील प्रमुख सरकारी रुग्णालय. शेजारच्या सिंधुदुर्ग व उत्तर कन्नड जिल्ह्यांतील रुग्णही तिथे येतात. म्हापसा व मडगाव येथे जिल्हा रुग्णालये आहेत, लोकांच्या तोंडी मात्र अजूनही आझिलो आणि हॉस्पिसियो हीच नावे. खासगी रुग्णालयांतही दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होतात. राज्य सरकारच्या २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, मात्र ते योजनेच्या यादीतील उपचारांपुरते. बटण, स्क्रू, अँकर (ऊती हाडाला अडकवणारी खुंटी) यांचा खर्च मोठा असतो, तेव्हा त्यातले काय यादीत बसते हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावे.

नंतरचे महिने

घरचे लोक ऑपरेशनचा दिवस सांभाळतात, फिजिओथेरपीचे महिने सांभाळत नाहीत. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावातून आठवड्यात तीनदा शहरात यायचे तर बस, रजा आणि सोबतीला माणूस हे सगळे जुळावे लागते. शस्त्रक्रियेचा निकाल बऱ्याच अंशी इथेच ठरतो.

पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होणे व मांडीचा स्नायू जागा होणे ही उद्दिष्टे. बसवलेली पट्टी सुरुवातीला मृतवत असते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरून तिचे लिगामेंट बनायला अनेक महिने लागतात आणि या प्रक्रियेत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सर्वांत कमकुवत असते. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते आणि रुग्णाला सगळे ठीक वाटू लागते. किनाऱ्यावरच्या भुसभुशीत वाळूत चालणे हा व्यायाम म्हणून लोकप्रिय असला तरी या काळात ती उंचसखल जमीन टाळलेली बरी. दुचाकी दीड-दोन महिन्यांनी, पोहणे जखमा पूर्ण भरल्यावर, आणि स्पर्धात्मक फुटबॉल नऊ महिन्यांच्या आत नाही. तेही दोन्ही पायांची ताकद व उडीच्या चाचण्या जवळपास सारख्या आल्यावर.

गुंतागुंतींमध्ये जंतुसंसर्ग विरळ आहे, आखडलेपणा त्याहून अधिक भेटतो. नडगीच्या पुढच्या भागावर बधिरपणा बऱ्याच जणांना राहतो, तो त्रासदायक नसतो पण आधी सांगितलेला नसला की रुग्ण घाबरतो. पोटरी सुजून दुखू लागली तर शिरेत गुठळी झाली नाही ना, हे तातडीने तपासावे. बसवलेली पट्टी पुन्हा तुटण्याचा धोका तरुण खेळाडूंत सर्वाधिक असतो, आणि त्यांच्यात दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचे लिगामेंट तुटण्याचीही शक्यता असते. पट्टी पुन्हा बसवताना जुने बोगदे रुंदावलेले आढळले तर आधी ते हाडाच्या भुग्याने भरून काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.