तयार गेमिंग पीसी घेताय? आधी खोडव्याचं बघा

ऊस करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लागणीच्या वेळी बेण्यात आणि खतात हात आखडला, की पहिलं पीक कसंबसं निघतं, पण खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, मार खातो. गेमिंग पीसीचं तसंच आहे. ‘आत्ता एवढं घेऊ, दोन-तीन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलू, रॅम वाढवू’ असा बेत प्रत्येकाचाच असतो. तो जमणार की नाही, हे खरेदीच्या दिवशीच ठरून जातं. सांगलीत आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर रोज तोंडी सांगतो तेच इथं लिहिलंय. मशीन दुसरीकडून घेणार असाल तरी वाचा.

तासगावकडचे एक वडील आणि त्यांचा मुलगा मागे एक तयार पीसी घेऊन आले. कंपनी मोठी, डबा देखणा. मुलाच्या काखेत ऑनलाइन मागवलेल्या नव्या कार्डाचा खोका. झाकण उघडलं, तर एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या भागातून, कार्डला द्यायची ८ पिनांची वायरच नाही. म्हटलं, एसएमपीएस बदलू. पण मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डला, नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नव्हता, कंपनीचा स्वतःचाच छोटा होता. बाजारातला एसएमपीएस त्याला लागेना आणि त्या खाचेत मावेनाही. बरं, बोर्ड बदलावा, तर कॅबिनेटची स्क्रूची भोकं जुळेनात. शेवटी प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तेवढी वाचली. ‘म्हणजे डबा परत विकत घ्यायचा?’ वडिलांनी विचारलं. हो, तसंच झालं.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: बोर्ड आणि एसएमपीएस नेहमीच्या, म्हणजे बाजारात सगळीकडे चालणाऱ्या एटीएक्स मापाचे आहेत का? मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिमी बाय २४४ मिमी असतो, तोही चालेल. ‘कंपनीचं आहे, काळजी करू नका’ हे उत्तर नव्हे.

एसएमपीएस: इथं कंजुषी नको

जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड मोठ्या अक्षरांत असतं, एसएमपीएसचं नाव शोधूनही सापडत नाही. पैसे वाचवले जातात ते तिथंच. हिशेब साधा आहे. बोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डला ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या एका वायरीतून १५०. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचं, त्याला साधा एसएमपीएस पुरतो. उद्या आरटीएक्स ५०७० बसवायचं म्हटलं, तर कार्डच २५० वॅट ओढतं आणि कार्डाची कंपनी एनव्हिडिया स्वतः ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. मग आजच चांगल्या कंपनीचा ६५० किंवा ७५० वॅटचा घ्या. एकदा घेतला की एकामागून एक दोन कार्डं त्यावर सहज निघतात.

आणि एक. सुट्या, म्हणजे काढता-लावता येणाऱ्या वायरींचा एसएमपीएस बदलला, तर जुन्या वायरी नव्याला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते. एकदा बटण दाबलं की बोर्ड, एसएसडी सगळं जाऊ शकतं.

बोर्ड आणि रॅम

प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर सॉकेटचं, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, नाव विचारा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटने लोकांचे बरेच पैसे वाचवले: २०१७ साली घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर, बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून, २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम५वरही पुढे बरीच वर्षं नवे प्रोसेसर बसतील, असा शब्द कंपनीने दिलाय. इंटेलचं एलजीए १७०० मात्र १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीवर थांबलं. ते वाईट नाही, स्वस्तात मिळालं तर जरूर घ्या. पुढच्या पिढीचा प्रोसेसर त्यावर बसणार नाही, एवढं धरून चाला.

रॅममध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळी असते. स्लॉट किती आणि त्यांतले रिकामे किती, हे उघडून बघा. स्वस्त बोर्डवर दोनच स्लॉट असतात. त्यात ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या भरल्या, तर वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात. १६ची एकच पट्टी घेतली तर आज वेग थोडा कमी मिळतो, पण उद्या दुसरी लावता येते. २०२५ अखेरपासून रॅमचे भाव असे चढलेत की पट्टी काढून ठेवणं जिवावर येतं, त्यामुळे दोन स्लॉटच्या बोर्डवर आम्ही हल्ली १६ची एकच सुचवतो. एएम५वर चार पट्ट्या भरल्या की रॅमचा वेग उतरतो, म्हणून तिथं चार स्लॉट दिसले तरी हिशेब दोनाचाच ठेवा.

कॅबिनेटची फक्त दोन मापं बघायची: कार्डसाठी लांबी किती मिमी आणि समोरून हवा आत यायला जाळी आहे का. समोर अख्खी काच आणि मागे रंगीत दिवे, हे फोटोत छान दिसतं. आपल्याकडे धूळ काय असते ते वेगळं सांगायला नको. हळदीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका घरातला पीसी उघडला, तर फॅनच्या पात्यांवर हळदीचा पिवळा थर होता, बोटाने ओढला तर रेघ उमटली. काढता-धुता येणारी जाळी असलेलं कॅबिनेट घ्या.

‘आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’ अशी ऑनलाइन पाटी आणि किंमत वीस हजारांच्या आत दिसली, तर पिढी विचारा. बहुधा तो २०११-१२ सालचा प्रोसेसर निघतो. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केला. त्यात वाढवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘६५० वॅट एसएमपीएस’ नको. झाकण उघडल्यावर वॉरंटी राहते का, हेही लेखी विचारा; स्क्रूवर सील लावून देणाऱ्याकडून घेतलंत, तर अपग्रेडचा बेत वॉरंटी संपेपर्यंत लांबतो. विंडोज पीसीसोबत आलेलं असेल तर ते बहुतेक वेळा त्या बोर्डशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की लायसन्सचा खर्च पुन्हा.

यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६०. गेमिंग पीसीला तो अपुरा पडतो. घराचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. सांगलीत नदीकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल, तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की डबा वर न्या. भिजलेल्या पीसीला वॉरंटी नसते.

नेताना गाडीत डबा आडवा झोपवा, बोर्ड खालच्या अंगाला राहील असा. म्हणजे कार्ड उभं राहतं आणि खड्ड्यांचे हादरे बसले तरी स्लॉटवर त्याचं ओझं येत नाही.