१ वाजून ४० मिनिटांचा प्रश्न, १२ वाजून ३६ मिनिटांचे उत्तर

२४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरत असताना बंगळूरच्या नियंत्रण कक्षातील शास्त्रज्ञांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. यानाचे इंजिन पेटले की नाही हे सांगणाऱ्या रेडिओलहरींना, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने निघूनही, पृथ्वीवर पोचायला साडेबारा मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. म्हणून सगळ्या आज्ञा यानाच्या संगणकात आधीच भरून ठेवल्या होत्या. विज्ञानकथेत हा अडसर एखादे उपकरण दूर करते. कप्तान बटण दाबतो आणि शेकडो प्रकाशवर्षांवरच्या मुख्यालयाशी समोर बसल्यासारखा बोलू लागतो. कथाकाराची अडचण मला कळते, कारण उत्तरासाठी पिढ्यान्‌पिढ्या थांबावे लागले तर कथानक पुढे सरकणार नाही. पण असे उपकरण म्हणजे आजच्याच फोनची सुधारलेली आवृत्ती, आणि तंत्रज्ञान पुढे गेले की ते होईलच, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. आइन्स्टाइनची विशिष्ट सापेक्षता खरी असेल, तर प्रकाशाहून वेगवान फोन हा भूतकाळात लागणारा फोन ठरतो.

हे घड्याळ समोर ठेवूनच पाहू. दुपारी ठीक १२ वाजता समीरचे यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने पृथ्वीजवळून निघून जाते आणि त्याच क्षणी समीर व पृथ्वीवरची त्याची बहीण मीरा आपापली घड्याळे जुळवून घेतात. धावते घड्याळ संथ चालते. या वेगाला आपल्या १०० मिनिटांत ते ६० मिनिटेच पुढे सरकते. (वातावरणाच्या वरच्या थरात जन्मणारे अल्पायुषी म्यूऑन कण जमिनीपर्यंत पोचतात, ते याच परिणामामुळे.) मीरा १ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे १०० मिनिटांनंतर, समीरला फोन करते. हा फोन तत्क्षणी लागणारा आहे आणि मीराच्या हिशेबाने या क्षणी समीरच्या घड्याळात १ वाजलेला आहे, तेव्हा समीर तो १ वाजता उचलतो.

आता समीर तशाच फोनवरून लगेच उत्तर देतो, आणि खरी गंमत येथे आहे. एकसमान वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःला स्थिर मानण्याचा सारखाच अधिकार आहे, हा सापेक्षतेचा पाया आहे. समीरच्या दृष्टीने त्याचे यान जागच्या जागी आहे, पृथ्वीच दूर पळते आहे आणि म्हणून पृथ्वीवरचेच घड्याळ संथ आहे. त्याची ६० मिनिटे झाली तेव्हा तेथे ६० च्या ०.६ पट, म्हणजे ३६ मिनिटे झाली. समीरच्या ‘आत्ता’मध्ये मीराच्या घरी १२ वाजून ३६ मिनिटे झाली आहेत, आणि त्याचे तत्क्षणी पोचणारे उत्तर तेव्हाच पोचते. प्रश्न विचारला जाण्याच्या एक तास चार मिनिटे आधी मीराच्या हातात उत्तर आहे. ते उत्तर ‘मला फोन करू नकोस’ असे असेल आणि तिने ऐकले, तर समीरने उत्तर दिले कशाला?

दोघांपैकी कोणाचाही हिशेब चुकलेला नाही. दूरदूरच्या ठिकाणांसाठी एकच सामाईक ‘आत्ता’ असतो, ही आपली रोजच्या व्यवहारातली समजूतच येथे कोसळते. फोन तत्क्षणी लागणारा असण्याचीही गरज नाही. तो प्रकाशाच्या दुप्पट वेगाचा असला तरी यानाचा वेग ८० टक्क्यांच्या वर नेला की उत्तर प्रश्नाआधी येते.

मात्र घटनांचा क्रम निरीक्षकागणिक बदलतो तो फक्त अशा घटनांचा, ज्यांच्यापैकी एकीकडून दुसरीकडे प्रकाशकिरणसुद्धा वेळेत पोचू शकत नाही. पेरणी आणि कापणी यांचा क्रम विश्वातल्या कोणत्याही यानातून उलटा दिसणार नाही. सापेक्षतेने भूत आणि भविष्य एकच ठरवले, म्हणून नाडीपट्टीत भविष्य वाचता येते, असे सांगणाऱ्यांना आइन्स्टाइनचा कोणताही आधार नाही.

१९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी एक वेगळाच मुद्दा मांडला: सापेक्षता प्रकाशाचा वेग ओलांडण्यास मनाई करते, पण जन्मापासूनच त्याहून वेगवान असलेल्या कणांना नाही. १९६७ मध्ये फाइनबर्ग यांनी अशा कणांना टॅकिऑन हे नाव दिले. ऋण ऊर्जा घेऊन भूतकाळात जाणारा कण म्हणजे धन ऊर्जेचा, उलट दिशेने भविष्याकडे जाणारा कण, असा अर्थ लावून सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यकारणभाव वाचवण्याचा प्रयत्न केला. एकट्या कणापुरती ही युक्ती मला आजही सुंदर वाटते. पण १९७० मध्ये बेनफर्ड, बुक आणि न्यूकोम्ब यांनी दाखवले की संदेशाबाबत ती चालत नाही, कारण संदेशातल्या मजकुरावर तो लिहिणाऱ्याची ओळख उमटलेली असते. बाणाची दिशा उलटी काढून पत्राचा लेखक बदलत नाही. टॅकिऑन आजवर कोणत्याही प्रयोगात सापडलेला नाही.

क्वांटम एंटँगलमेंट, म्हणजे दोन कण दूर असतानाही त्यांच्यात टिकणारे क्वांटम नाते, तेही येथे उपयोगी पडत नाही. जोडीतल्या दोन कणांची मापने एकमेकांशी जुळतात, पण आपल्या मापनातून काय निघावे हे आपण ठरवू शकत नाही. हाती यादृच्छिक आकडे येतात आणि ते जुळले हे कळण्यासाठी साध्या फोननेच बोलावे लागते. तेव्हा ‘क्वांटम लहरीं’नी दूरच्या रुग्णाला क्षणात बरे करण्याचा दावा करून पैसे घेणारे लोक भौतिकशास्त्राचे नाव खोटेपणाने वापरतात.

कथाकारासाठी एक वाट उरते. विश्वात एखादी खास संदर्भचौकट (वेळ आणि वेग जिच्या तुलनेत मोजायचे ती चौकट) आहे आणि सगळे अतिवेगवान फोन फक्त तिच्याच ‘आत्ता’नुसार लागतात, असे त्याने मानावे. मग समीरचे उत्तर १२ वाजून ३६ मिनिटांनी न पोचता १ वाजून ४० मिनिटांनीच पोचेल आणि विरोधाभास उरणार नाही. त्याची किंमत म्हणून, सगळे निरीक्षक समान आहेत हे तत्त्व मात्र त्या कथेच्या विश्वात सोडून द्यावे लागेल, आणि नुसता फोन लावून आपले यान त्या खास चौकटीच्या तुलनेत किती वेगाने चालले आहे, हे तेथल्या कोणत्याही कप्तानाला मोजता येईल.