मदरबोर्डवरचे फुगलेले कॅपॅसिटर: दोष कारखान्यातला, भुर्दंड बेळगावात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात २००३ नंतरची पाच-सहा वर्षे कॉम्प्युटर बंद पडला की कारण ठरलेले असे: व्होल्टेज वर-खाली झाले, बोर्ड उडाला. लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे ते कुणालाही पटायचे. सायबर कॅफेवाल्यांनी स्टॅबिलायझर घेतले, डीटीपीवाल्यांनी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, उद्यमबागेतल्या वर्कशॉपनी अर्थिंग नव्याने करून घेतले. यातले काही वाया गेले असे नाही, पण ज्या बिघाडासाठी केले तो त्याने थांबणारा नव्हता. १८० ते २५० व्होल्टपर्यंतचा चढउतार बरा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, स्वतःच पचवतो. बोर्डाला मिळतात ते १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचे ६.३ व्होल्टचे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्या, त्याच्याही पुढे, १२ चे दीड व्होल्ट झाल्यावर बसतात. लाइनमधला दणका तिथवर जायचा तर वाटेत एसएमपीएस आधी जळायला हवा. एसएमपीएस शाबूत, आणि सॉकेटलगतचे पाच-सहा कॅपॅसिटर मात्र डोक्यावर फुगलेले, असे दिसले तर वीजपुरवठ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तो दोष कारखान्यातच आत भरला गेला होता.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा चढवून कॅपॅसिटर करण्याचे पेटंट १८९६ सालचे. पुढे कित्येक दशके इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतला वाहक द्रव, बहुतकरून एथिलीन ग्लायकोल आणि बोरिक आम्लाचा, नाहीतर दुसऱ्या एखाद्या सेंद्रिय द्रावकाचा असे. पाणी त्यात बेताने घालत, कारण पाणी उघड्या ॲल्युमिनियमला खाते.

१९९० च्या दशकात प्रोसेसरची भूक वाढली आणि हा बेत मोडावा लागला. पेंटियम ४ च्या काळात दीड व्होल्टवर ५० ॲम्पिअरच्या वर प्रवाह द्यावा लागे, तोही सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करणाऱ्या मॉसफेट नावाच्या ट्रान्झिस्टरमधून. अशा ठिकाणी कॅपॅसिटरची क्षमता किती यापेक्षा त्याचा आतला रोध, म्हणजे ईएसआर, किती हे महत्त्वाचे. ईएसआर जास्त असला की रिपल, म्हणजे सतत वर-खाली होणाऱ्या, प्रवाहाने कॅपॅसिटर आतूनच तापतो. पाण्याचे प्रमाण वाढवले की इलेक्ट्रोलाइट चांगला वाहक होतो, ईएसआर १०-२० मिलिओहमपर्यंत उतरतो, आणि वर पाणी स्वस्तही. जपानी कारखान्यांनी ७० टक्क्यांपर्यंत पाणी असलेले मिश्रण बसवून दाखवले. मात्र त्यासोबत लागणारी रसायने, म्हणजे ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी फॉस्फेटसारखी संयुगे आणि सुटलेला हायड्रोजन शोषून घेणारी संयुगे, हीच खरी विद्या होती. ती वगळली की पाणी पापुद्र्यातून आत शिरते, ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड होते आणि हायड्रोजन सुटतो. डब्यात दाब वाढतो. डोक्यावर एक्स किंवा के आकाराच्या चिरा असतात त्या उकलतात, किंवा तळचे रबरी बूच सरकून कॅपॅसिटर बोर्डावरून वर उचलला जातो. चिरेतून तपकिरी खपली बाहेर येते. इलेक्ट्रोलाइट आटतो, ईएसआर चढतो, आणि १.५ व्होल्टची रेषा थरथरू लागते. आधी गेम खेळताना मशीन हँग होते, मग विंडोज चढतानाच रीस्टार्ट होते, शेवटी पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही. तोवर मॉसफेटही तापून गेलेला असू शकतो.

सप्टेंबर २००२ मध्ये एका उद्योगविषयक नियतकालिकात बातमी आली की तैवानमध्ये बनलेल्या कॅपॅसिटरांतला इलेक्ट्रोलाइट सदोष आहे. त्यासोबत जी कहाणी आली तीच पुढे वीस वर्षे सांगितली गेली. एका जपानी कंपनीतला शास्त्रज्ञ नोकरी सोडून चीनमधल्या कंपनीत गेला, तिथे त्याने तसाच इलेक्ट्रोलाइट बनवला, त्याच्या हाताखालची माणसे सूत्र घेऊन तैवानला गेली, पण सूत्र अर्धवट उतरवलेले होते. चोरीची गोष्ट, चोराची फजिती, आणि वर गंजलेला बोर्ड पुराव्याला. लोकांना ती आवडली यात नवल नाही. इथल्या दुरुस्तीच्या दुकानांतही ती "चोरीचा फॉर्म्युला" म्हणूनच पोचली.

ही कहाणी सिद्ध झालेली नाही. प्रयोगशाळांनी फुटलेले कॅपॅसिटर उघडले तेव्हा पाणी भरपूर आणि गंजरोधक अपुरे किंवा गायब, एवढे सापडले. त्यावरून मिश्रण चुकीचे होते हे ठरते, ते कुठून आले हे ठरत नाही. शिवाय सदोष माल एका-दोघांचा नव्हता, कितीतरी ब्रँडचा होता. आणि सर्वांत मोठा धक्का बसला त्या ऑफिसच्या डेस्कटॉपांत जपानी कंपनीचे कॅपॅसिटर होते, तैवानी नव्हे. मग चोरीच्या कहाणीने काय समजावून दिले? तिने एकच साधले: दोष दूरच्या, निनावी चोरावर गेला, आणि बोर्ड विकणाऱ्यांनी कळल्यावर काय केले हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न इथे थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण सीमाभागातल्या गिऱ्हाइकाला त्याचीच झळ बसली. एका मोठ्या अमेरिकन कंपनीने मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेल्या सुमारे १ कोटी १८ लाख मशीनमध्ये हे कॅपॅसिटर असण्याची शक्यता होती. २००५ मध्ये त्या कंपनीने यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद केली, म्हणजे आकडा तिला माहीत होता. तरी मशीन सरसकट परत बोलावली नाहीत. धोरण ठरले ते असे: ज्याचा बोर्ड बिघडेल त्याचा बदलून द्यायचा, वॉरंटी वाढवून द्यायची, आणि बाकीच्यांना काही कळवायचे नाही. २००७ च्या एका खटल्यातली कागदपत्रे २०१० मध्ये उघड झाली. त्यांत कंपनीचाच अंदाज होता की अशा मशीनमध्ये तीन वर्षांत ९७ टक्क्यांपर्यंत बिघाड संभवतो, आणि विक्रेत्यांना सूचना होती की बोर्ड खराब आहेत असे सुचवणारी भाषा टाळा. काही ठिकाणी बदलून दिलेल्या बोर्डावरही तसलेच कॅपॅसिटर होते.

कंपनीच्या बाजूने बोलायचे तर तेव्हा तिचे म्हणणे होते की यात आग लागण्याचा धोका नाही आणि डेटा हार्ड डिस्कवर सुरक्षित राहतो. यातला आगीचा मुद्दा बहुतांशी खरा आहे. डेटाचा नाही. लिहिणे चालू असताना मशीन पुन्हापुन्हा बंद पडले की फाइलसिस्टीम बिघडते, हे ज्याने अशी डिस्क तपासली आहे त्याला सांगावे लागत नाही. मुख्य म्हणजे हे धोरण पहिल्या मालकापुरतेच होते. ऑफिसांनी तीन वर्षांनी काढून टाकलेले डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात उतरतात. बेंगळुरूचा एस. पी. रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड या दोन्ही बाजारांतून ते बेळगावात येत. शाळांच्या लॅब, दूध संकलन केंद्रे, वजनकाटे, गणपत गल्लीच्या आजूबाजूची डीटीपीची दुकाने यांनी ते घेतले, कारण ब्रँडेड आणि स्वस्त. वॉरंटी संपलेली, इतिहास अज्ञात, आणि आतले कॅपॅसिटर नेमके फुगण्याच्या वयाला आलेले. ज्यांनी कळवायचे नाही असे ठरवले त्यांच्या हिशेबात हा दुसरा मालक कुठेच नव्हता.

असेंबल्ड मशीनची गोष्ट वेगळी, पण फार बरी नव्हे. १९९८ मध्ये तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आले, मागोमाग इंजिनिअरिंगच्या मुलांची आणि कॅफेंची गर्दी झाली, आणि स्वस्त बोर्डांचा खप वाढला. कॅफेचे गणित साधे आहे. कॅपॅसिटरवर १०५ अंशांना २००० तास लिहिलेले असते. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट धरतात: ८५ अंशांना ८००० तास, ६५ अंशांना ३२,००० तास. दिवसाला १४ तास चालणाऱ्या, धूळ भरलेल्या पंख्याच्या मशीनमध्ये सॉकेटलगत ८५ अंश गाठले तर चांगला कॅपॅसिटरसुद्धा दीड-पावणेदोन वर्षांत संपतो. म्हणून अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात ४० अंशांत चाललेला बोर्ड आणि खानापूरच्या पावसाळी हवेतला बोर्ड यांची तुलना करताना तास आणि तापमान दोन्ही विचारावे लागते. थंड जागी, दिवसाला चार-पाच तास चाललेला बोर्ड दोन वर्षांत फुगला तरच तो निश्चित सदोष लॉटचा.

बोर्ड बदलून मिळायचे बंद झाले तेव्हा इथल्या कारागिरांनी कॅपॅसिटर बदलायला सुरुवात केली, आणि पहिल्या काही वर्षांत बऱ्याच बोर्डांचे त्यातच वाटोळे झाले. कारण ठरलेले: टीव्ही-ॲम्प्लिफायरसाठी मिळणारे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, ८५ अंशांचे साधे कॅपॅसिटर बसवले. क्षमता जुळली, व्होल्टही भरपूर, पण ईएसआर कित्येक पट. सॉकेटलगत ते काही आठवड्यांत गरम होऊन गेले. तिथे लो-ईएसआर मालिकेचाच, १०५ अंशांचा कॅपॅसिटर लागतो. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, ६.३ च्या जागी १०. व्यास आधी मोजावा: ८ मिलिमीटरच्या कॅपॅसिटरचे पाय ३.५ मिलिमीटर अंतरावर असतात, १० मिलिमीटरच्याचे ५. जागा ८ ची असताना १० चा दाबून बसवला तर पाय वाकतात आणि बूच सैल होते.

मदरबोर्ड चार किंवा सहा थरांचा असतो आणि ग्राउंडचा तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने तिथले सोल्डर वितळत नाही. मग जोर लावला जातो आणि छिद्रातली तांब्याची नळी उपटून येते. ६० वॉटचे आयर्न घ्यावे. जुन्या सांध्यावर आधी थोडे नवे सोल्डर वितळवावे. मग एक पाय तापवून कॅपॅसिटर किंचित कलता करावा, नंतर दुसरा पाय, असे आलटून-पालटून काढावे. छिद्र मोकळे करायला स्टेनलेस स्टीलची सुई चालते, कारण तिला सोल्डर चिकटत नाही. ड्रिल कधीही चालवू नये. छपाईतला पांढरा अर्धगोल बहुतेक बोर्डांवर ऋण बाजू दाखवतो, पण काहींवर उलट असतो. म्हणून काढलेल्या कॅपॅसिटरची दिशा टिपून ठेवावी आणि मल्टिमीटरने ग्राउंडशी जुळणारे छिद्र तपासावे. एक फुगला असेल तर त्याच ब्रँडचे, त्याच मालिकेचे सगळे बदलावेत. वरून सपाट दिसणाऱ्यांवर भरवसा ठेवता येत नाही: साध्या क्षमतामापकावर खराब कॅपॅसिटर गळतीमुळे लिहिल्यापेक्षा जास्त आकडाही दाखवतो. १०० किलोहर्ट्झवर मोजणारा ईएसआर मीटर हवा.

एसएमपीएसमधला एक छोटा कॅपॅसिटर याहून घातक ठरला, आणि त्याच्याविषयी फार कमी बोलले गेले. जुन्या, स्वस्त एटीएक्स सप्लायमध्ये स्टँडबायच्या ५ व्होल्टचे सर्किट दोन ट्रान्झिस्टरवर चाले. त्याच्या प्राथमिक बाजूला १० ते ४७ मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर तापणाऱ्या भागाला खेटून असे. मशीन शटडाऊन केले तरी भिंतीवरचा स्विच चालू असला की हा भाग रात्रंदिवस चालू. तो कॅपॅसिटर सुकला की ५ चे सात-आठ किंवा त्याहून जास्त व्होल्ट होतात आणि चिपसेट जातो. नवा बोर्ड घातला की तोही जातो, आणि मग पुन्हा व्होल्टेजला दोष. सेकंडहँड सप्लाय बोर्डाला जोडण्याआधी जांभळ्या आणि काळ्या वायरमधला व्होल्ट मोजावा: ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर असेल तर जोडू नये. उघडायचा असेल तर प्लग काढून दहा मिनिटे थांबावे आणि मोठ्या कॅपॅसिटरांवर काही उरले नाही हे मीटरने पाहावे. तिथे ३०० च्या वर व्होल्ट साठलेले असतात.

२००६-०७ पासून पॉलिमरचे सॉलिड कॅपॅसिटर बोर्डांवर दिसू लागले आणि दोन-तीन वर्षांत सॉकेटभोवती तेच राहिले. त्यांत पाणी नाही, त्यामुळे हायड्रोजन नाही, फुगणे नाही. १०५ अंशांना २००० तासच लिहिलेले असले तरी २० अंश उतरले की आयुष्य दहापट धरतात. महाग होते, पण ती किंमत लो-ईएसआरचा स्वस्त माल घेऊन दिलेल्या किमतीपेक्षा कमीच भरली. एसएमपीएस, मॉनिटर, राउटरचे अडॅप्टर, सेट टॉप बॉक्स यांत मात्र अजून ओले कॅपॅसिटरच आहेत.

जुन्या लॅबमधली मशीन अजून कुठे कुठे कपाटात पडून आहेत. पाणीदार इलेक्ट्रोलाइटचा कॅपॅसिटर न वापरताही खराब होतो, पापुद्रा बसल्या जागी विरघळतो. मे महिन्याची सुट्टी संपवून जूनमध्ये सुरू न होणाऱ्या मशीनचे हे एक कारण. सुटे, जुन्या साठ्यातले कॅपॅसिटर बसवायचे असतील तर १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्यांना त्यांच्या लिहिलेल्या व्होल्टवर तासभर ठेवावे आणि रेझिस्टरवरचा व्होल्ट उतरत जातो का ते पाहावे. उतरला नाही तर तो कॅपॅसिटर बोर्डावर चढवू नये.