गावरान मका : परसबागेतील लागवड आणि बी धरणे

गावरान मका म्हणजे घरच्याच बियाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पेरत आणलेला, मोकळ्या परागणाने वाढणारा मका. हे पीक मूळचे मेक्सिकोचे. भारतात ते 16व्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यामुळे ‘गावरान’ हा शब्द इथे मूळ नव्हे, मुरलेपण सांगतो. नाशिक जिल्ह्यात येवला, मालेगाव, चांदवड, नांदगाव या पट्ट्यात मका भरपूर पिकतो, पण तो बहुतेक संकरित. त्याचे बी दरवर्षी दुकानातून आणावे लागते. संकरित मक्याचे दाणे पुन्हा पेरले, तर झाडे उंच-बुटकी, पुढेमागे तुरा टाकणारी निघतात आणि उतारा घटतो. गावरान वाण राखायचे, तर ती जागा घराच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावरच्या परसात.

नागली आणि भात बहुतांशी आपल्याच परागाने फळतात, म्हणून त्यांचे बी राखणे सोपे. मका मात्र वाऱ्यावर फळतो. शेंड्यावरचा तुरा नर, कमरेशी येणारे कणीस मादी. कणसाच्या टोकाला लोंबणारा एकेक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही, तिथे पडलेल्या दातासारखी फट राहते. म्हणून मका एका लांब ओळीत न लावता चार-पाच आखूड ओळींच्या चौकोनी वाफ्यात लावावा. ओळींत 60 आणि झाडांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर 100 झाडांना 12 चौरस मीटर जागा पुरते. बियाण्यासाठी निदान एवढी झाडे हवीतच. पाच-दहा झाडांचे बी वर्षानुवर्षे धरत गेल्यास वाण खुरटते, कणसे बारीक पडतात. जागा कमी असेल, तर दोन-तीन घरांनी एकच वाण लावून बियाण्याचा वानवळा एकमेकांना द्यावा. मक्याचे बी एकट्या घराने राखण्याची गोष्टच नव्हे.

परका पराग वाऱ्याने येऊ नये, म्हणून पायाभूत बियाण्याच्या (ज्यापासून पुढे विक्रीचे बी वाढवतात त्या) प्लॉटला दुसऱ्या मक्यापासून 400 मीटर अंतर लागते. परसबागेत ते कुठून मिळणार? मग वेळेचे अंतर ठेवावे. विहिरीचे पाणी असेल, तर मेच्या मध्यास पेरलेला मका जुलैत तुऱ्यावर येतो, पावसावर पेरलेला शेजारचा संकरित मका त्यानंतर तीनएक आठवड्यांनी. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे जुलैच्या झडीत पराग धुऊन जातो, तिथे हा उपाय चालत नाही.

तिथे हातानेच परागण करावे. केस बाहेर पडण्याआधीच कोवळ्या कणसावर कागदी पिशवी चढवावी. केस निघाले की परागणाच्या आदल्या संध्याकाळी आठ-दहा झाडांच्या तुऱ्यांना पिशव्या बांधाव्यात. सकाळी दव सुकल्यावर त्या झटकून पिवळी भुकटी एकत्र करावी, केसांवर भुरभुरावी आणि कणीस लगेच पुन्हा झाकावे. झाडाला त्याचाच पराग देऊ नये. भुकटी दुपारपर्यंत ठेवण्यातही अर्थ नाही, उन्हात ती मरते.

पांढऱ्या मक्यात भेसळ लपत नाही. कणीस सोलले की पांढऱ्या ओळींत मधेच पिवळा दाणा चमकतो, कारण पिवळा रंग प्रभावी असतो आणि परक्या परागाचा परिणाम त्याच दाण्यात दिसतो. असे दाणे नखाने काढून टाकावेत. पिवळ्या वाणात ही खूण मिळत नाही. जवळ स्वीटकॉर्न असेल, तर भेसळ एक हंगाम दबून राहते आणि पुढच्या खेपेला सुरकुतलेल्या दाण्यांत उघडी पडते.

2018 साली भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी परसातही येते. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसली, की अळी वेचून मारावी.

वाण ढासळण्याचे एक कारण अगदी घरगुती आहे. सर्वांत भरलेली कणसे आधी खुडून निखाऱ्यावर जातात आणि बी उरल्यासुरल्यांतून धरले जाते. म्हणून निरोगी, न लोळलेल्या झाडांना दाणा दुधात येण्याआधीच रंगीत दोरा बांधावा आणि त्या कणसांना कोणी हात लावू नये. साल वाळून दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका धरला, की दाणा पक्व झाला. पाऊस लागून राहिला असेल, तर कणसे घरात आणून साल मागे उलटवावी, जोड्या बांधून आढ्याला किंवा चुलीवर, धूर लागेल पण आच लागणार नाही अशा उंचीवर टांगावीत. निदान 25 कणसांतून, प्रत्येकातले सारखेच दाणे घ्यावेत.

दाणा चावल्यावर दबला तर ओला. कट्‌कन फुटला तर साठवायला तयार. गोवरीची चाळलेली राख आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवल्यास सोंडे (दाणे पोखरणारे किडे) लागत नाहीत. येवल्याच्या कोरड्या हवेत हे बी इगतपुरीपेक्षा जास्त टिकते, तरी दर दोन वर्षांनी पेरून ताजे करावे.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क देतो.

पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत. आठवडाभरात 90 उगवले, तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. 70च्या आत आले, तर एका जागी दोनाऐवजी तीन दाणे टोचावेत.