क्रेनवर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्षातली उचल

क्रेनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘१४ टन’ लिहिलेले दिसले, की ती कुठूनही आणि कशीही १४ टन उचलेल, असा समज बांधकामांवर सर्रास आढळतो. हा समज घातक आहे. तो आकडा ओझे यंत्राच्या अगदी जवळ असतानाचा आणि बूम, म्हणजे क्रेनचा पुढे लांबणारा हात, आखूड ठेवलेली असतानाचा असतो. भरलेली घागर कमरेवर घेऊन सहज चालता येते, पण तीच हात लांब करून धरली, तर क्षणात खांदा भरून येतो.

सहा मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच अशी काँक्रीटची तयार तुळई घ्या. प्रबलित काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,५०० किलो, म्हणजे ही तुळई २,७०० किलोंची झाली. ती क्रेनच्या मध्यापासून ४ मीटर अंतरावर धरल्यास यंत्र उलथवू पाहणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर, १०.८ टन-मीटर असतो. १२ मीटरवर तोच ३२.४ होतो. शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीत क्रेन रस्त्यावरच उभी करावी लागते आणि माल घरामागे उतरवायचा असतो, म्हणून यंत्र ठरवण्याआधी टेप घेऊन क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून हूकपर्यंतचे अंतर मोजावे, आणि मगच त्या अंतरासमोर लोड चार्टमध्ये, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येते याच्या तक्त्यात, काय लिहिले आहे ते पाहावे. हूक, शॅकल (जोडणीची लोखंडी कडी) आणि स्लिंग (ओझे बांधायचा दोर किंवा पट्टा) यांचे वजनही ओझ्यातच धरायचे असते.

स्लिंगचा कोन तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. दोन पदरी स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल, तर या तुळईसाठी प्रत्येक पदरावर सुमारे १.५६ टन ताण येतो. ३० अंशांवर एकेका पदरावर पूर्ण २.७ टन येतो.

ओझे घेऊन चालणारी हायड्रा क्रेन सोयीची खरी, पण वळताना तिचा मधला सांधा मुडपतो, गुरुत्वमध्य एका बाजूला सरकतो आणि उतारावर ती कलंडू शकते. तिला सपाट, पक्की वाट हवी.

सर्वांत जास्त काळजी मला जमिनीची वाटते. पंचगंगेच्या काठची काळी माती भिजली की फुगते आणि मऊ पडते. उचलताना क्रेन ज्या जॅकच्या पायांवर टेकवतात, त्यांतल्या एका पायावर १० टन आले आणि त्याखालची पाटी अर्धा मीटर बाय अर्धा मीटर असली, तर दर चौरस मीटरला ४० टन दाब पडतो. तोच पाय दीड मीटर बाय दीड मीटरच्या भक्कम स्लीपरच्या, म्हणजे जाड लाकडी ओंडक्यांच्या, बैठकीवर टेकवला, तर दाब साडेचार टनांच्या आत येतो. पावसाळ्यात अशाच एका कामावर उचल सुरू होताच मागचा जॅक वीतभर खचलेला मी पाहिला आहे. ऑपरेटरने लगेच तुळई खाली टेकवली. दुसऱ्या दिवशी तिथे मुरूम टाकून, रोलर फिरवून, स्लीपर आडवे-उभे रचले, आणि त्याच क्रेनने तीच तुळई जागेवर बसवली.