प्लेट चिकट राहिली? आधी मिश्रणाचा पेला बघा

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारसाठी घरी कार्बन फायबरचे पार्ट बनवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर धरणारा पार्ट) असो, टॉप डेक (वरची पट्टी) असो की अख्खी चॅसी प्लेट (गाडीचा तळ), दुसऱ्या दिवशी येणारा फोन एकच असतो: "चोवीस तास झाले, प्लेट अजून बोटाला चिकटते. रेझिन जुनं दिलंत का?" (रेझिन म्हणजे कार्बनच्या कापडात मुरवायचा चिकट द्रव, आणि त्यात मिसळून त्याला कडक करतो तो हार्डनर.) कापड महाग, थर लावायला लागलेला वेळ त्याहून महाग, त्यामुळे चिडचिड होणं साहजिक आहे. म्हणूनच हे पत्रक प्रत्येक पार्सलमध्ये घालतो. काचेवर वॅक्स कसं लावायचं, थर कसे रचायचे, हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जातो.

चिकट प्लेटमागे बहुतेक वेळा मापाची चूक असते. पॉलिएस्टर रेझिनवर हात बसलेल्यांना वाटतं, दोन थेंब हार्डनर जास्त टाकला की लवकर सेट होईल. पॉलिएस्टरमध्ये आपण जे घालतो ते फक्त क्रिया सुरू करणारं द्रव्य असतं, तिथे थोडं कमीजास्त चालून जातं. आमचं रेझिन इपॉक्सी आहे, त्यात तसं नाही. इथे हार्डनर रेझिनशी जोडला जातो आणि प्लेटचाच भाग होतो. शर्टाला जितकी काजं तितकीच बटणं लागतात, तसंच हे. हार्डनर जास्त झाला तर उरलेला तसाच आत राहतो आणि प्लेट रबरासारखी वाकते. कमी पडला तर रेझिन उघडं राहतं आणि चिकटतं. एकदा माप चुकलं की ऊन, हीटर किंवा वरून फासलेला हार्डनर, कशानेही ती प्लेट सुधारत नाही.

आमच्या बाटलीवर 100 ला 30 (रेझिन 100, हार्डनर 30) लिहिलेलं असतं, ते वजनाने. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. तेच माप इंजेक्शनच्या सिरिंजने मिलिलिटरमध्ये घेतलंत, तर हार्डनर साधारण पंधरा टक्के कमी पडतो आणि प्लेट चिकट राहते. मोजायचे पंप आम्ही का ठेवत नाही असं बरेच जण विचारतात. कारण हेच: पंपात हवा अडकली तरी बाहेरून काही कळत नाही, वजनकाटा मात्र लगेच दाखवतो.

आता काट्याविषयी. समजा 12 बाय 15 सेंटिमीटरची, 3 मिलिमीटर जाड प्लेट हवी आहे. चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणाऱ्या 3के ट्विल (तीन हजार तंतूंच्या धाग्याच्या, तिरप्या विणीच्या) कापडाचा इतका तुकडा 3.6 ग्रॅम भरतो. दाबून बसवलेला एक थर पाव मिलिमीटरपेक्षा जरा कमी, म्हणजे 13 थर धरा. कापड झालं सुमारे 47 ग्रॅम. हाताने थर लावताना मिश्रणही तेवढंच लागतं: 36 ग्रॅम रेझिन आणि 10.8 ग्रॅम हार्डनर. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने पुढे सरकतो, शिवाय थेंबथेंब ओतताना तो बराच वेळ हलतच नाही. अकरा ग्रॅममध्ये एक ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे नऊ टक्के चूक. अर्धा लिटर मिश्रण करणाऱ्याला याने फरक पडत नाही, आपल्या छोट्या पार्टना पडतो. म्हणून 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आमच्याकडूनच घ्या असं नाही, सोनाराच्या काट्यासारखा छोटा कुठलाही चालेल. काट्याच्या फंदात पडायचंच नसेल त्यांच्यासाठी आम्ही छोटी जोडी भरतो: दोन्ही भाग आधीच तोललेले असतात, पूर्ण ओतायचे आणि ढवळायचे.

ढवळणं निदान तीन मिनिटं, घाई न करता. पेल्याची कड आणि तळ काडीने खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या पेल्याच्या कडेला चिकटलेलं अर्धवट मिश्रण प्लेटवर निथळवू नका; मऊ डाग पडतात ते तिथूनच. ढवळून झालं की पसरट ट्रेमध्ये ओता. खोल पेल्यात मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि हातातच घट्ट होतं, कधीकधी धूरही निघतो.

उरलेलं मिश्रण असलेला पेला मात्र फेकू नका. दुसऱ्या दिवशी त्यात नख रोवून बघा. पेलाही मऊ असेल तर माप चुकलं. पेला कडक आणि प्लेटवर जागोजागी मऊ डाग, तर ढवळणं कमी पडलं. पेला कडक पण प्लेट सगळीकडे सारखीच मऊ, तर बहुधा खोली थंड होती. पातळ थराला स्वतःची ऊब मिळत नाही, प्लेट एक दिवस उबदार जागी ठेवा. आणि प्लेट टणक आहे पण वरून तेलकट लागते, तर दमट हवेत हार्डनरमुळे येणारा तो पापुद्रा आहे. कोमट पाण्याने घासून धुतला की जातो. अशी चांगली प्लेट कुणी फेकून दिली की आम्हाला खरंच वाईट वाटतं. तक्रार करताना पेल्याचा फोटो पाठवा असं आम्ही म्हणतो ते टाळाटाळ म्हणून नाही. त्याशिवाय कारण सांगता येत नाही, आणि दोष बाटलीत असेल तर तोही पेल्यातच दिसतो.

चोवीस तासांत प्लेट हाताळण्याइतकी टणक होते, पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो. काळी प्लेट उन्हात चांगलीच तापते, त्यामुळे शर्यतीआधी ती सपाट काचेवर ठेवून 50 ते 60 अंशांवर काही तास शेकून घ्या. तापमान हळूहळू चढवा. थर मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखेच रचा, नाहीतर प्लेट पिळवटते. मधले काही थर 45 अंशांत फिरवले की चॅसी पिळाला जास्त दाद देत नाही.

सस्पेन्शन आर्मसाठी कापड मागितलंत तर आम्ही नको म्हणू. आर्मने धक्का खाऊन वाकायला हवं, तिथे नायलॉनच बरा. कार्बन वाकत नाही, मोडतो.

कापताना आणि घासताना मास्क हवाच, आणि पॉलिश पेपर ओला करून घासा. ही धूळ फुफ्फुसांना वाईट, शिवाय विजेची वाहक आहे. स्पीड कंट्रोलरमध्ये गेली तर तो जळू शकतो. त्याच कारणाने बॅटरीच्या वायरी प्लेटच्या कडेवर घासू देऊ नका. कडा बारीक घासून पातळ सुपर ग्लूने बंद करा, म्हणजे थरही सुटत नाहीत. रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या आड ठेवू नका, 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल अडतो. हार्डनर हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की सहसा ती कायमची राहते. हाताला लागलंच तर थिनर नको, साबण आणि पाणी.

कापड आम्ही घडी न घालता गुंडाळीवरच पाठवतो, त्यामुळे पार्सल लांबलचक होतं आणि पाठवणी थोडी महाग पडते. घडीच्या जागी वीण सरकते आणि ती रेघ तयार पार्टवर कायम दिसते. ऑर्डर देताना प्लेटची लांबी, रुंदी आणि जाडी कळवा. किती थर, किती रेझिन, किती हार्डनर याचा हिशोब चिठ्ठीवर लिहून कापडासोबत देतो. पहिल्यांदाच करत असाल तर कापडाचे उरलेले छोटे तुकडेही मागून घ्या, आधी त्यांच्यावर एक तळहाताएवढा नमुना करून बघा आणि मगच मोठं कापड कापा.