गरुड, भोवत्या आणि अमूर ससाणे बघायला कधी यायचं?

आमच्या पक्षी बघायच्या ट्रिपच्या बुकिंगचा फोन आला की पहिला प्रश्न हमखास हाच असतो, पहाटे किती वाजता निघायचं? बाकी पक्ष्यांसाठी अंधारात निघणं ठीक आहे, पण हिवाळी पाहुणे शिकारी पक्षी बघायचे तर घड्याळापेक्षा ऊन आणि वारा बघावा लागतो, म्हणून हे थोडं सविस्तर लिहितोय.

परतीचा पाऊस सरला की ऑक्टोबरपासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण, कडबनवाडी, मयूरेश्वर या पट्ट्यातल्या माळांवर भोवत्या यायला लागतात, ज्यांना सगळे हॅरियर म्हणतात ते, त्यातले बरेच मध्य आशियातून पार कझाकस्तानकडून येतात आणि मार्च संपेपर्यंत परत निघतात. आमच्या मते डिसेंबर-जानेवारी सगळ्यात भारी.

गरुड मात्र सकाळी लवकर उडतच नाहीत. थंडीत सात-साडेसातला स्टेप ईगल बांधावर नाहीतर नांगरलेल्या ढेकळांत नुसता बसलेला असतो, फोटोवाल्यांनी तेव्हाच यावं. जमीन तापायला साडेनऊ-दहा वाजतात, मग गरम हवा वर उठते आणि तिच्यावर पंख न हलवता गोल गोल घिरट्या घेत ते चढतात. बारानंतर नुसते ठिपके. आणि आकाश अगदी निळंशार असेल तर खूश होऊ नका, निळ्यात पक्षी सापडत नाही, पांढरे विरळ ढग असले की त्यावर पटकन उठून दिसतो.

भोवत्यांची खरी वेळ संध्याकाळ. सूर्यास्ताच्या तासभर आधी जाऊन ऊन पाठीशी घेऊन गप्प बसायचं, हलका वारा असला तर उत्तमच. आधी एक येतो, गवताच्या शेंड्यांना घासत, पंख व्ही आकारात, मान खाली, तपकिरी मादी असेल तर वळताना शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा चमकतो, मग दुसरा, तिसरा, आणि बघता बघता सगळे गवतात उतरतात कारण हे झाडावर नाही, जमिनीवर झोपतात. म्हणूनच त्या गवतात कुणी पाऊल टाकायचं नाही, कितीही भारी कॅमेरा असला तरी. एकदा उठवले की अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

लोणावळ्याच्या अमूर ससाण्यांचं गणित वेगळं. सैबेरिया-चीनकडून निघून नागालँडच्या डोयांग जलाशयापाशी ते प्रचंड संख्येने थांबतात, मग भारत ओलांडून ईशान्येच्या वाऱ्याची साथ घेत अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका गाठतात. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत थोडे दिवस दिसतात, आज आहेत आणि उद्या नाहीत असं होतं. त्यामुळे या ट्रिपची फिक्स तारीख देत नाही, आदल्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकतो, तेवढी तयारी ठेवा.

दुर्बीण ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते, नसेल तर आमच्याकडे मागा. कपडे मातकट रंगाचे, टोपी, पाणी.

आणि ऑक्टोबरात रात्री पाऊस पडला म्हणून लगेच कॅन्सल करू नका प्लीज. सकाळी उघडलं तर जमिनीतून पंखवाली वाळवी उसळते, आणि ती टिपायला केस्ट्रल या छोट्या ससाण्यापासून गरुडापर्यंत सगळे एकाच माळावर उतरलेले असू शकतात.